रत्नागिरीत गाड्यांच्या हौशींची मासिक भेट सुरू करायची आहे: जागा, वेळ आणि पावसाळा यांविषयी सल्ला हवा

प्रश्न: येझ्दीवाला, रत्नागिरी

नमस्कार. रत्नागिरी, पावस, लांजा आणि संगमेश्वर या पट्ट्यात जुन्या मोटारसायकली आणि मोटारी जपून ठेवणारे बरेच जण आहेत. कुणाकडे वडिलांची येझ्दी रोडकिंग मोटारसायकल आहे, कुणाकडे यामाहाची आर. एक्स. १००, तर कुणाच्या मांगरात प्रीमियर पद्मिनी मोटार ताडपत्रीखाली उभी आहे. पुण्यामुंबईच्या मेळाव्यांची छायाचित्रे आपण सारेच पाहतो. परंतु चाळीस वर्षांची गाडी दर महिन्याला घाट चढवून नेणे आणि परत आणणे हे कुणालाच परवडणारे नाही. म्हणून ही भेट येथेच, महिन्याच्या पहिल्या रविवारी, भरवावी असा आम्हा काही जणांचा विचार आहे.

जागेसाठी प्रथम भाट्याचा किनारा सुचला, कारण तो सर्वांना ठाऊक आहे आणि छायाचित्रेही चांगली येतात. आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्यापर्यंत एकत्र जावे, असेही काही जणांचे म्हणणे आहे. नव्या मोटारसायकली चालवणाऱ्या तरुणांना सामील करून घ्यावे की भेट जुन्या गाड्यांपुरती ठेवावी, यावर एकमत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर हे चार महिने भेट बंद ठेवली, तर ती पुन्हा सुरू होईल का, ही शंका आहे. ज्यांनी असे काही चालवले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १: वाशिष्ठीकाठ, चिपळूण

कल्पना चांगली आहे, परंतु किनाऱ्याचा विचार सोडून द्यावा. छायाचित्रासाठी वाळूत उतरवलेली मोटार भरतीच्या वेळी तेथेच रुतून बसते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. वेळास आणि आंजर्ले यांची नावे सर्वांनी ऐकली आहेत, पण तुमच्याच रत्नागिरी तालुक्यातील गावखडीलाही घरटी होतात. अंडी वाळूखाली सुमारे दीड ते दोन महिने असतात आणि वरून ती दिसत नाहीत. आपले भेटीचे उत्तम महिने आणि त्यांचे विणीचे महिने नेमके एकच आहेत, त्यामुळे वाळूवर एकही चाक जाऊ नये, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

त्याऐवजी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखादे आवार पाहावे. रविवारी सकाळी तेथे वर्दळ कमी असते, जमीन पक्की असते आणि आवाजाने कुणाची झोप मोडत नाही. वेळ सकाळी सात ते साडेनऊ ठेवावी. त्यानंतर पर्यटकांच्या गाड्या रस्त्यावर येतात आणि ऊनही चढते. जागामालकाची लेखी संमती घ्यावी व जवळच्या पोलीस ठाण्यास आधी पत्र द्यावे. पत्र देण्याचा कंटाळा केला जातो, हे मी इतर ठिकाणी पाहिले आहे, आणि मग पहिल्याच तक्रारीला सारा उत्साह मावळतो.

उत्तर २: लेथ आणि वेल्डिंग, लांजा

जागेचे वरील उत्तर मला पूर्ण मान्य आहे. मी भेटीत करायचे काय, याविषयी लिहितो, कारण खरी अडचण तेथे येते. पहिल्या दोन भेटींत लोक गाड्या पाहतात, चहा पितात, छायाचित्रे काढतात. त्याच गाड्या तिसऱ्यांदा पाहायला मात्र कुणी पहाटे उठून येत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत एका गाडीचे एक काम सर्वांसमोर करावे आणि ज्याची गाडी आहे त्यानेच हात काळे करावेत. येझ्दीचे पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) घासून फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, अंतर लावणे, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून जेट आणि फ्लोट साफ करणे, पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण कोरडे करून तडा आहे का ते तपासणे, ही कामे तास-दीड तासात होतात. येझ्दीचा किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, हे आजच्या मुलांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. असे काही दाखवले की ती पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतात.

विषय म्हणून पेट्रोल सर्वांत आधी घ्यावे. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. देशावर हे फारसे जाणवत नसेल. आपल्याकडे मात्र हवेतच पाणी आहे. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी तेथूनच निघते. येझ्दीत इंजिनाला वंगण देणारे टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असल्यामुळे धोका दुहेरी आहे, कारण त्या तळच्या थरात तेल नीट मिसळत नाही आणि पिस्टन कोरडा चालू लागतो. आर. एक्स. १०० मध्ये तेलाचा पंप वेगळा असतो, म्हणून तिच्या बाबतीत ही भीती कमी, परंतु टाकीचा गंज आणि जुन्या रबरी नळ्या व सील यांचे फुगणे दोघींनाही सारखेच. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

मे महिन्याची भेट केवळ पावसाळ्याच्या तयारीसाठी राखावी. ज्या गाड्या चार महिने उभ्याच राहणार आहेत, त्यांची टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, टाकीत थोडे इंजिन ऑइल ओतून ती सर्व बाजूंनी फिरवावी, बॅटरी सोडवून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. तिच्या आत दमटपणा कोंडतो आणि पत्रा वाळवी लागल्यासारखा आतून पोखरला जातो. हवा खेळती असेल अशा जागी जुनी सुती चादर पुरते. मोटारींच्या दरवाज्यांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, ती पालापाचोळ्याने बुजलेली असतात. पद्मिनीचे दरवाजे खालून कुजतात ते बहुतेक यामुळेच. समुद्राकाठच्या रस्त्याने फेरी झाली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू, रिम आणि स्पोक धुवावेत, मात्र पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि वायरिंगवर मारू नये.

सुट्या भागांची एक सामायिक वहीही ठेवावी. कुणाकडे कोणता भाग जास्तीचा आहे हे कळले, तर एका केबलसाठी कुर्ल्याच्या बाजारात माणूस पाठवावा लागणार नाही.

उत्तर ३: समुद्रालगत, काळबादेवी

मी गाड्यांचा शौकीन नाही. आरे-वारेच्या रस्त्यालगतच्या वस्तीत राहतो, म्हणून लिहितो. सुट्टीच्या दिवशी सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकलींचे ताफे येथून जातात तेव्हा घरातील वृद्ध माणसे दचकतात आणि वळणावर उभ्या असलेल्या गुरांची पळापळ होते. रस्ता अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत. आपण यायलाच हवे असेल तर दहा-दहाच्या गटांनी, मध्ये अंतर ठेवून, वस्तीत वेग कमी करून यावे आणि दृश्य पाहण्यासाठी वळणावर थांबू नये. एवढे पाळले तर आमची हरकत नाही.

उत्तर ४: मोती तलाव, सावंतवाडी

काळबादेवीच्या सदस्यांचे म्हणणे नियम म्हणूनच लिहून घ्यावे. नव्या गाड्यांना यावयास मुभा असावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आजचे विशीतले मालकच उद्या या जुन्या गाड्या सांभाळणार आहेत. अट एकच ठेवावी की सायलेन्सर कंपनीचा मूळ असावा. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे निमंत्रणातच छापावे.

कागदपत्रांविषयी गैरसमज फार आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत दहा वर्षांची आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही; प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आपल्यापैकी बहुतेकांना याची गरजच नाही. रोडकिंग १९७८ मध्ये आली, म्हणजे तिची पहिली गाडीदेखील २०२८ पूर्वी या व्याख्येत बसत नाही. आपल्या गाड्यांना नेहमीचाच मार्ग आहे: १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू नसलेली गाडी भेटीला आणू नये.

पावसाळ्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. भेट बंद करू नये, फक्त छपराखाली न्यावी. चातुर्मासात लग्ने नसल्याने मंगल कार्यालये रिकामी असतात आणि रविवारची सकाळ अल्प भाड्यात मिळू शकते. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझ्दी दिन म्हणून जगभर पाळला जातो. तो नेमका आपल्या सर्वांत जोराच्या पावसात येतो. त्या दिवशी एक इंजिन टेबलावर उघडून ठेवले तरी पुरे. गाड्या आल्या नाहीत तरी माणसे येतील.

प्रश्नकर्ता: येझ्दीवाला, रत्नागिरी

सर्वांचे आभार. किनारा रद्द केला आहे आणि मिरजोळ्यातील एका परिचित वर्कशॉपच्या मालकांशी आवाराविषयी बोलणे सुरू केले आहे. आरे-वारेची फेरी पहिल्या काही भेटींत ठेवणार नाही. पुढे ठेवली तर गटांची विभागणी आणि थांबे काळबादेवीच्या मंडळींना आधी विचारून ठरवू. जुलैची भेट एका महिन्यापुरती दुसऱ्या रविवारी सरकवून कार्यालयात घेण्यास सर्वांची संमती मिळाली आहे.

लांज्याच्या सदस्यांना एक विनंती आहे. पहिल्या भेटीसाठी माझीच येझ्दी टेबलावर घ्यावी, कारण तिची टाकी आतून गंजलेली आहे आणि फिल्टर बदलूनही कार्ब्युरेटरमध्ये तांबूस गाळ येतच आहे. टाकी आतून साफ करून त्यावर अस्तर चढवणे हे काम एका सकाळी होईल का, की टाकी आदल्या दिवशी काढून आपल्याकडे लांज्याला पोहोचवावी, एवढे कळवावे.