हरूनही पॉइंट? आइस हॉकीचं गणित कोणीतरी समजवा

टोरंटोकर_बंड्या: एनएचएलचं (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) टेबल बघून डोकं गरगरतंय राव. एका टीमने ८२ पैकी ४० जिंकल्या, ४२ हरल्या, तरी ९० पॉइंट कसे काय?? जिंकल्याचे दोन धरले तर ८० होतात ना, मग वरचे १० आले कुठून?

पक_पुराण: अरे ६० मिनिटांत हरलास तर भोपळा, पण बरोबरी होऊन ओव्हरटाइम (जादा वेळ) नाहीतर शूटआउटमध्ये (फुटबॉलच्या पेनल्टीसारखं) हरलास की १ पॉइंट. तशा १० मॅच हरले असणार. म्हणजे काही मॅच २ पॉइंटची, काही ३ची, तिसरा आकाशातून पडतो 😂 म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत स्कोअर बरोबरीत असला की दोघंही पक (आइस हॉकीची रबरी चकती) असा जपून खेळवतात की विचारू नका.

गणितात_काठावर_पास: आणि खेळाडूंचे पॉइंट अजून वेगळे बरं का, गोल एकच पण मारणाऱ्याला १ आणि पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना १-१.

बंड्या: म्हणजे एका गोलचे तीन?! आमच्या सरांनी हात लाल केले असते

पक_पुराण: आइस हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्झ्की, त्याचं ऐक मग. एनएचएलमध्ये गोल ८९४, असिस्ट (म्हणजे ते गोलचे पास) १९६३, एकूण २८५७, म्हणजे सगळे गोल पुसून टाकले तरी पॉइंटमध्ये हाच पहिला. त्याच्या भावाचे, ब्रेंटचे, एनएचएलमध्ये अख्खे ४ पॉइंट. तरी दोन भावांच्या जोडीचा रेकॉर्ड यांचाच, २८६१!

गणितात_काठावर_पास: ब्रेंटने जीव तोडून काम केलंय हो 😌