मदत हवी आहे: ६०० किलोच्या लिफ्टिंग मॅग्नेटवरून ४४५ किलोची प्लेट सुटली, चुकलं कुठे?

शिरगावकर_फॅब

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला आमचं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. सहा माणसं, २ टनाची एक होइस्ट (माल उचलायचं यंत्र). दिवाळीआधी हँडलवालं परमनंट लिफ्टिंग मॅग्नेट घेतलं, म्हणजे वीज न लागता हँडल फिरवून लोखंड पकडणारं चुंबक. नेमप्लेटवर ६०० किलो लिहिलंय. विकणारा म्हणाला, साडेतीनपट सेफ्टी आहे, २ टनालाही सुटणार नाही.

गेल्या मंगळवारी ६ एमएमची प्लेट उचलली, ६३०० बाय १५००. वजन आधी काढलं होतं. एका चौरस मीटरला दर एमएममागे ७.८५ किलो, म्हणजे ४४५ किलो. मॅग्नेट बरोबर मधोमध, हँडल पूर्ण फिरवून लॉक केलेलं. दोन फूट वर गेल्यावर दोन्ही टोकं खाली झुकली, होइस्ट पुढे सरकवताना जरा हिसका बसला आणि प्लेट धाडकन खाली. हेल्पर दोन पावलं मागे होता म्हणून पाय वाचले. आता कुणी मॅग्नेटला हात लावत नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माल खराब निघाला का? की सरळ १ टनाचं घेऊ? शिवाय परवा ईएन८ स्टीलचा शाफ्ट (गोल दांडा) येतोय, २०० एमएम व्यास, दीड मीटर, साधारण ३७० किलो. तो तरी ६०० मध्ये बसेल ना?

जुना_रिगर

मॅग्नेट चांगलं असणार. तुम्ही वजन बघितलंत, जाडी बघितली नाहीत.

तो ६०० चा आकडा जाड, सपाट, स्वच्छ माइल्ड स्टीलवर सरळ वर ओढून काढलेला असतो. ६ एमएमच्या पत्र्यात चुंबकाचा जोर मावेल तेवढाच मावतो, बाकीचा पत्र्यातून आरपार बाहेर जातो. विहिरीवर १० एचपीची मोटर बसवली आणि पाइप अर्ध्या इंचाचा ठेवला तर पाणी किती येईल? म्हणून १ टनाचं घेऊन या प्लेटला फारसा फरक पडायचा नाही. पैसे मात्र जातील.

दुसरं कारण तुम्हीच लिहिलंय: टोकं झुकली. सहा मीटरची पातळ प्लेट मधे एकाच जागी धरली की ती वाकणार, आणि मॅग्नेटच्या कडेपासून सुटत आत येणार. तव्याला चिकटलेलं थालीपीठ मधून ओढून निघत नाही, कडेनं उलथणं घातलं की अख्खं सुटतं. तसंच झालं. हिसका निमित्त.

मॅग्नेटबरोबर जाडीचा चार्ट आला असेल, तो काढा. बहुतेक चार्टमध्ये जाडीबरोबर लांबीचीही मर्यादा दिलेली असते. विकणाऱ्याने तो दाखवला नसेल तर तीच खरी चूक.

भोसरी_बॉईज

एवढं घाबरायचं कारण नाही राव. आमच्याकडे १० वर्षं एकच मॅग्नेट आहे, ८ एमएम, १० एमएम सगळं उचलतो. चार इंच उचलून एक झटका द्यायचा, पडली तर पडली. नाही पडली तर बिनधास्त न्यायची.

जुना_रिगर

चार इंच उचलून थांबणं बरोबर. झटका देणं साफ चूक. झटक्याने कडेचा संपर्क अर्धवट सुटतो आणि प्लेट तेव्हा पडत नाही, पुढे दहा फुटांवर माणसाजवळ पडते. आणि १० वर्षं काही झालं नाही याचा अर्थ तुमच्या प्लेटा आखूड होत्या एवढाच.

क्यूसी_वाली

शाफ्टबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. गोल जॉबला मॅग्नेट फक्त दोन रेघांवर टेकतं, म्हणून नेमप्लेटवर गोलासाठी वेगळा आकडा असतो. सहसा सपाटच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी. तुमचं ६०० चं असेल तर ३०० धरा. ईएन८ मीडियम कार्बन, त्यात आणखी थोडं कमी. ३७० किलोचा शाफ्ट त्यात बसत नाही. दोन बेल्ट स्लिंग (उचलायचे पट्टे) फासासारखे आवळून उचला आणि विषय संपवा.

आणि प्लेटवर स्केल (लोखंडावरची काळी खपली), गंज, रंग होता का? अर्ध्या एमएमच्या फटीनेही ताकद बरीच उतरते. चेकर्ड प्लेटच्या नक्षीच्या बाजूने तर मॅग्नेट लावूच नका. बिडाला सपाट माइल्ड स्टीलच्या निम्म्याच्या आसपास पकड मिळते, ३०४ स्टेनलेसला शून्य. गॅस कटिंगवरून ताजी निघालेली गरम प्लेटही नको, साध्या निओडिमियम मॅग्नेटची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते.

साडेतीनपट म्हणजे चैनीची मुभा नव्हे बरं का. युरोपच्या ईएन १३१५५ या मानकातही परमनंट मॅग्नेटला किमान तिप्पट मागितलेलं आहे, ते याच असल्या हिसक्यांसाठी. ते मार्जिन तुमच्या वाट्याचं नाही.

शिरगावकर_फॅब

चार्ट सापडला. बॉक्समध्ये थर्माकोलखाली होता, लाज वाटली. ६ एमएमला जो आकडा दिलाय तो बघून पोटात गोळा आला, लांबीही आमच्या प्लेटच्या निम्म्याहून कमी. प्लेटवर स्केल होतंच, आणि मॅग्नेटच्या तळाला ग्राइंडिंगचा चुरा चिकटलेला होता.

मग या प्लेटा उचलायच्या कशाने? पुतण्या म्हणतो इलेक्ट्रोमॅग्नेट घ्या. आणि आमच्या स्टोअरकीपरला पेसमेकर आहे, त्याचं काय?

जुना_रिगर

इलेक्ट्रोमॅग्नेट घ्यायचं तर बॅटरी बॅकअपशिवाय नाही. लाइट गेली की माल खाली. इलेक्ट्रो-परमनंट प्रकारात वीज फक्त पकडायला आणि सोडायला लागते, मधे गेली तरी पकड राहते, पण किंमत ऐकून पुतण्या गप्प बसेल.

तुम्हाला स्प्रेडर बीम (होइस्टला आडवा टांगायचा बीम) बनवून घ्यावा लागेल. त्याखाली लहान मॅग्नेट, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर. दोन पुरतील की चार लागतील ते चार्टवरून ठरवा, अंदाजाने नको. बीम नीट डिझाइन आणि लोड टेस्ट करून घ्या, वेल्डरच्या डोळ्यावर सोडू नका. बीमचं वजनही होइस्टच्या २ टनांत धरा.

थप्पीतली प्लेट उचलताना खालची चिकटून येते का बघा. थोडी वर येते आणि मधेच पडते, त्याने माझ्यासमोर एकाचा अंगठा गेलाय. आधी पहारीने फट पाडून मधे लाकडी पट्टी सारायची.

क्यूसी_वाली

पेसमेकरवाल्यांना त्या जागेपासून लांबच ठेवा, किती लांब ते त्यांच्या डॉक्टरना विचारा. तपासणीचं म्हणाल तर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम २९ मध्ये उचलण्याच्या साधनांवर सेफ वर्किंग लोड (सुरक्षित वजनमर्यादा) स्पष्ट लिहिणं आणि १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, दोन्ही होतं. पडलेल्या प्लेटचा धक्का मॅग्नेटला बसला असेल तर १२ महिने थांबू नका. तळाला खड्डा किंवा हँडलच्या लॉकला ढिलेपणा दिसला तर आधी टेस्टिंगला पाठवा.

शिरगावकर_फॅब

लॉक पिन जरा हलतेय, म्हणजे जाणार टेस्टिंगला. नेमप्लेटखाली खडूने "६ एमएम नको" लिहून ठेवलंय, तोवर दुसरी पाटी करून घेतो. शाफ्टसाठी बेल्ट काढले, त्यातल्या एकाची शिवण उसवलेली निघाली. तो कापून टाकला, नवीन आणायला माणूस पाठवलाय.