'पोरं टाकून गेली' याच्या पुढे: अभिजात साहित्यातली बाई-पुरुष पात्रं वाचताना काय तपासता?

पारिजात_दादर
रविवारी दादरच्या वाचनगटात इब्सेनचं 'डॉल्स हाऊस' झालं. शेवटाला पुन्हा तेच वाक्य, जे कॉलेजच्या वर्गात बाकाबाकावरून ऐकू यायचं: "पोरं टाकून गेली, ही कसली आई?" तो जुना वाद इतका ताजा झाला की धागा काढतेय. पात्र आवडलं की नाही ते नको. पानावर नेमकं काय बघता ते लिहा.

सुरुवात नोरापासून, म्हणजे शेवटी नवऱ्याला आणि मुलांना सोडून जाणाऱ्या नायिकेपासून. पहिल्या अंकात पैशाचा उल्लेख येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. नवऱ्यापासून लपवून काढलेलं कर्ज ४,८०० क्रोनर. कपड्यांसाठी मिळालेल्यातले निम्मे पैसे ती हप्त्यासाठी वाचवते. आदल्या हिवाळ्यात रात्र रात्र दार लावून नकला उतरवायचं काम केलं, आणि त्याबद्दल म्हणते की जणू पुरुष असल्यासारखं वाटायचं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही, हे तिची मैत्रीण लिंडेबाई त्याच अंकात बोलून दाखवतात. म्हणून वडलांची खोटी सही. वडील वारले २९ सप्टेंबरला, सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. तिथेच पकडली जाते.

आता मुलांचं. पहिल्या अंकातच नवरा टोरवाल्ड सांगतो की लहान वयात वाया गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाची आई खोटारडी असते. नोरा पांढरीफटक पडते आणि त्यानंतर मुलांना जवळ येऊ देत नाही. तिसऱ्या अंकात तोच म्हणतो, घरात राहा, पण मुलं तुझ्या हाती देणार नाही. थोड्याच वेळात कर्जरोखा परत येतो आणि त्याच्या तोंडून निघतं, "मी वाचलो!" ती विचारते, "आणि मी?" या ओळी एकाखाली एक उतरवून काढा. तू मुलांना घातक आहेस हे तिच्या मनात कोणी भरवलं, ते लगेच दिसतं.

माहीम_खाडी
पारिजातताई, संहिता कुठली होती ते आधी बघा. १८८० मध्ये जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नटीने मुलांना सोडून जाणारा शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून इब्सेनने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात टोरवाल्ड तिला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच कोसळते. इब्सेनला स्वतःला तो रानटी अत्याचार वाटायचा. जुनी रूपांतरं वाचताना शेवटचं पान आधी उघडून बघावं.

ठाणे_लोकल
वाचतेय. कुर्ला आलं, गर्दी फार. एमा बोव्हारीवर लिहायचंय, कोणी घेऊ नका 🙏

मीना_माटुंगा
जागा धरली तुमची. तोवर जेन ऑस्टेनच्या मिसेस बेनेटबद्दल बोलते, कारण तिला हसणं फार सोपं आहे.

'प्राइड अँड प्रेजुडिस' (१८१३) मधले आकडे एका कागदावर मांडा. मिस्टर बेनेटचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण इस्टेट वारसाहक्काने फक्त पुरुषाकडे जाणार, म्हणजे नात्यातल्या कॉलिन्सकडे. पाच मुली. मागणी घालताना कॉलिन्स त्यातल्या एलिझाबेथला तोंडावर ऐकवतो की आई गेल्यावर तुझ्या वाट्याला चार टक्क्यांचे १,००० पौंड येतील. म्हणजे वर्षाला ४० पौंड, तेही आई गेल्यावर. बाप उद्या गेला तर सहाही जणी घराबाहेर. इतक्या वर्षांत त्याने शिल्लक काहीच टाकलेली नाही, आणि हे लेखिका स्पष्ट लिहिते. तरी वाचकाला विनोदी बाप आवडतो आणि मुलींच्या लग्नासाठी जीव टाकणारी आई थिल्लर वाटते. एलिझाबेथची २७ वर्षांची मैत्रीण शार्लट कॉलिन्सला हो म्हणते, तेव्हाही आधी हा कागद समोर घ्यावा.

लोक चुकतात ते एलिझाबेथच्या नजरेलाच कादंबरीची नजर समजतात म्हणून. शार्लटवर ती रागावते, पण पुढे तिच्या घरी राहायला गेल्यावर शार्लटने आपली बसायची खोली मागच्या बाजूला का घेतली ते तिच्या लक्षात येतं. नवरा सारखा तिथे येऊन बसू नये म्हणून. एवढ्याशा तपशिलात त्या लग्नाचा पूर्ण हिशोब आहे.

अंधेरी_पूर्व
आमच्याकडे बिऱ्हाडं बघताना बायका हीच खोली शोधतात हो 😄

मीना_माटुंगा
मुंबईत मिळाली तर कळवा!

ठाणे_लोकल
आले. एमा. फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' मासिकातून आली १८५६ मध्ये, खटला १८५७ च्या सुरुवातीला, निर्दोष सुटका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कर्जाचं यंत्र कोणी उलगडून बघत नाही.

क्रम असा: व्यापारी लरो आधी उधारीवर माल देतो, मग वचनचिठ्ठ्यांवर सही घेतो, मुदत आली की जुन्या चिठ्ठीच्या जागी व्याज चढवून नवी. पण फ्रेंच कायद्यात नवऱ्याच्या अधिकाराशिवाय बायकोच्या सहीला किंमत नाही. म्हणून सासरे वारल्यावर लरो मुखत्यारपत्राची गोष्ट काढतो. एमा ते नवऱ्याच्या, शार्लच्या गळी उतरवते, आणि त्याच कामाच्या निमित्ताने प्रियकर लेओंकडे जाते. प्रेमप्रकरण आणि कर्ज एकाच कागदावर चालतात. शेवटी ८,००० फ्रँक आणि घरावर जप्ती. मदत मागायला नोटरीकडे जाते तर तो हात धरू लागतो. तिचं उत्तर: मी दयेला पात्र असेन, पण विकाऊ नाही.

"रोमँटिक कादंबऱ्या वाचून बिघडली" हे अर्धंच. मूल व्हायच्या आधी तिला मुलगा हवा असतो, कारण पुरुष निदान मोकळा तरी असतो. मुलगी झाली हे ऐकून ती मान फिरवते आणि बेशुद्ध पडते. हा परिच्छेद आणि मुखत्यारपत्राचा प्रसंग शेजारी ठेवून वाचा.

रात्रपाळी
पैशाची फूटपट्टी नोराला आणि एमाला लागते, टॉलस्टॉयच्या ॲना करेनिनाला नाही. ॲनाकडे दागिने, गाडी, घर, सगळं आहे. तिथे दारं मोजा: कोण कोणाच्या घरी जाऊ शकतो?

कादंबरी उघडते ॲनाच्या भावाच्या लफड्यावर. स्टिव्हाचं मुलांच्या शिक्षिकेशी प्रकरण, आणि त्याचा संसार सावरायला येते ॲना. त्याची नोकरी, जेवणावळी, मित्र, कशालाच धक्का नाही. पाचव्या भागात ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की पीटर्सबर्गमध्ये सगळीकडे जातो-येतो, ॲना मात्र ऑपेराला गेली तर शेजारच्या बॉक्समधली बाई अपमान करून उठून जाते. गुन्हा एकच, बंद झालेली दारं एकाच बाजूची. घटस्फोटाचंही तसंच: जो दोषी ठरेल त्याला पुन्हा लग्न करता येत नाही, आणि मुलगा नवऱ्याकडे, करेनिनकडे. चौथ्या भागातला वकील बघा. समोर माणसाचा संसार मोडतोय आणि हा बोलता बोलता कसरीचे पतंग पकडतोय, खुर्च्यांच्या कापडाची काळजी म्हणून. करेनिनचीही त्या खोलीत कशी फरपट होते ते तिथे कळतं.

पारिजात_दादर
दारं मोजायची कल्पना फारच कामाची. पुरुष पात्रांवर कोणी लिहा ना.

चेंबूर_चिंच
नायजेरियन लेखक अचेबेचा नायक ओकोंक्वो. 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८). त्याला नुसता 'पुरुषी अहंकार' म्हणून सोडलं तर कादंबरी हातातून निसटते. तो बायकी दिसण्याला घाबरतो, कारण बाप उनोका कर्जबाजारी, बासरी वाजवणारा, गावात मान नसलेला. स्वतःच्या घरात वाढलेल्या इकेमेफुना या मुलावर शेवटचा वार तो करतो तो दुबळा दिसू नये म्हणूनच.

पण त्याचा समाज त्याच्याइतका एकारलेला नाही, हे शोधायला तीन जागा. एक: गावाचं दैवत बोलतं ते चिएलो या पुजारणीच्या तोंडून, आणि तिच्यापुढे ओकोंक्वोचं काही चालत नाही. दोन: अपघाताने झालेली हत्या तिथे 'स्त्री' गुन्हा मानतात, म्हणून शिक्षा सात वर्षांची हद्दपारी. तीन: ती काढायला तो आईच्या गावी जातो आणि तिथे मामा उचेंडू सांगतो की संकटात माणूस आईकडेच येतो. लेखक त्याला उत्तर देतोय आणि तो ऐकत नाही, हीच शोकांतिका.

विरार_फास्ट
नवऱ्याने टाकल्यावर स्वतःची मुलं मारणाऱ्या मेडियाला विसरू नका. युरिपिडीस, इ.स.पू. ४३१. "रागाने वेडी झाली" म्हणणाऱ्यांनी प्रवेशांचा क्रम बघावा: आधी तिला हद्दपार करणाऱ्या राजा क्रेऑनकडून एक दिवस मागून घेते, मग अथेन्सचा राजा एजियसकडून तिथे आसऱ्याची शपथ, मग कट. बाळंतपणापेक्षा तीनदा रणात उभं राहीन म्हणते तीही हीच. डोकं पूर्ण ठिकाणावर आहे, म्हणूनच मुलांवरचा हात आवरत नाही. सविस्तर उद्या, कुकर लावलाय.

गिरगावकर_जुना
मंडळी, आपल्या मुंबईतलं एक सांगतो. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं, ते नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावरून. मूळ नाटकातली स्वावा होणाऱ्या नवऱ्याचं आधीचं प्रकरण कळल्यावर विचारते, माझ्याकडून जे शील मागता तेच तुमच्याकडून का नको? आणि ते विचारायला रंगभूमीवर खऱ्या बायका होत्या, ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक. त्याआधी आपल्याकडे नायिका म्हणजे बहुधा शालू नेसलेला पुरुष. हे नाटक वाचताना ही बाब वजा करू नका. तोच प्रश्न पुरुष नटाच्या तोंडून आला असता तर प्रेक्षकांच्या कानाला वेगळा लागला असता.

अंधेरी_पूर्व
काका, संहिता कुठे मिळेल?

गिरगावकर_जुना
दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. नाटककार श्री. वि. वर्तकांचं नाव सांगा.

माहीम_खाडी
पुढच्या रविवारी 'हेडा गाब्लर' घेऊ या का? एकच गृहपाठ: पडदा उघडतानाची रंगसूचना नीट वाचून या. आतल्या खोलीत कोणाचं चित्र टांगलंय, पुढे येणारी पिस्तुलं कोणाची, आणि लग्न टेसमनशी होऊनही नाटकाच्या नावात माहेरचं आडनाव का. ती बायकोपेक्षा बापाची लेक म्हणून जास्त ओळखू यावी, असं इब्सेनने स्वतः कळवलं होतं.

मीना_माटुंगा
चालेल. माझ्याकडे दोन प्रती आहेत, एक आणते.