ठाणे सोडून शहापूरला राहायला जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. मालकांनी पुन्हा भाडं वाढवलंय, म्हणून शहापूरजवळ, आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर घर बघतोय. माझं काम घरूनच, मिस्टरांना मात्र अधूनमधून ऑफिस. कसारा लोकल चुकली की बसा ताटकळत.

खरी धास्ती पाण्याची. भातसा, तानसा ही धरणं याच तालुक्यात, मुंबईची तहान भागवणार, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर! घराला बोअर आहे, पण मे महिन्यात पाणी राहतं का विचारलं की एजंट चहा मागवतो. सासूबाईंना हृदयाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स वेळेत येते का? पावसाळ्यात वीज, नेट टिकतं का?

बारा महिने तिकडे राहणाऱ्यांनीच सांगा, वीकेंडवाल्यांनी नको (राग नसावा).