वरच्या मजल्याचा स्लॅब तापतो, एसीआधी काय करावं?

प्रश्न (नागपूर):
घर १९९४ चं, वरचा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी. मे महिन्यात रात्री अकरालाही पंखा गरम वाराच फेकतो. आई ७६ वर्षांची, तिला झोप लागत नाही. कूलर आहे, पण जूनच्या दमट हवेत तो निकामी. घरातच काही करता येईल का?

उत्तर १ (अकोला):
ताई, आधी गच्ची पांढरी करा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत सोडतो, म्हणून आईंना त्रास होतोय. आम्ही भेगा बुजवल्या, चुना रात्रभर भिजवला, गाळून त्यात फेविकॉल घातला आणि दोन हात मारले. पहिल्याच आठवड्यात माझे वडील पुन्हा आतल्या खोलीत झोपायला लागले. पावसात चुना धुपतो, दर मार्चला पुन्हा लावावा लागतो. पैसे असतील तर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करा, ते वर्षानुवर्षं टिकतं. धूळ मात्र धूत राहा, मळकं पांढरं ऊन परतवत नाही.

खिडकीला बांबूची चिक लावा, पण बाहेरून! ऊन काचेतून आत आलं की पडदा काय करणार?

उत्तर २ (पुणे):
वीज वाचवायला पंखेही बदला. जुना ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) साधारण ३०. सोळा तास चालला तर पंख्यामागे रोज जवळपास पाऊण युनिट वाचतं.

प्रश्नकर्ती:
दादा, चुना उद्याच आणते. गच्ची सामाईक आहे, शेजारच्या काकूंना आजच विचारते.