इंग्लंडमधल्या पबांत हँडपंपाची एल कमी का होतेय?

प्रश्न: जुन्या पबांत पूर्वी तळघरातल्या पिंपातून एल (एक प्रकारची बिअर) हातानं उपसायचे चार-चार हँडपंप असायचे, आता जेमतेम एक. बाकी सगळी गार लागर बिअर. असं का?

उत्तर १: खप नाही म्हणून. या एलमध्ये यीस्ट जिवंत असतं. पिंप तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवायचं, पिंपाच्या भोकात वायू जाऊ देणारी मऊ खुंटी ठोकून जादा वायू सोडायचा, गाळ बसू द्यायचा. विक्री थांबली की वायू अडवणारी कडक खुंटी, नाहीतर बिअर मिळमिळीत होते. 72 पाइंटांचं पिंप, म्हणजे फर्किन, सुरू केलं की तीनेक दिवसांत संपायलाच हवं. उपसलेल्या बिअरच्या जागी हवा शिरते आणि उरलेली बिअर आंबते.

उत्तर २: मालकीही बघा. 1989च्या सरकारी आदेशानंतर बड्या ब्रुअरींनी (बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी) पब विकले, ते पबमालक कंपन्यांनी घेतले. करारानं बांधील असलेल्या, पब चालवणाऱ्या भाडेकरूला बिअर त्या कंपन्यांकडूनच घ्यावी लागते, तीही चढ्या भावानं. हे खरं दुखणं!

उत्तर ३: खप कमी असेल तर 36 पाइंटांचं छोटं पिंप, म्हणजे पिन, घ्यावं, पंप एकच ठेवावा. आणि रात्रभर नळीत राहिलेली बिअर सकाळी गिऱ्हाईकाला देऊ नये, ओतून टाकावी.