कॅसिओ नाही, पेटी येत नाही. आजीच्या आखाजीच्या गाण्याला ताल कसा लावू?

काट्यावरचा (धरणगाव)

राम राम मंडळी. मी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा सीझन आटोपला, त्यामुळे संध्याकाळी तास-दीड तास मोकळा मिळतो. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि वायरचा हेडफोन आहे. कॅसिओ नाही, पेटी नाही, मला कुठलंच वाद्य येत नाही. विकत घ्यायची सध्या सोयही नाही.

माझी आजी ७९ वर्षांची आहे. गेल्या आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून तिने एक अहिराणी गाणं म्हटलं, ते मी फोनवर घेतलं. ३ मिनिटं ४० सेकंद. आवाज खणखणीत आहे. त्याच्या मागे ताल हवा, आणि जमलं तर पावरीसारखा (आदिवासी भागातलं फुंकून वाजवायचं वाद्य) एक लांब सूर. आत्या सुरतेला असते, येत्या आखाजीला तिला यायला जमणार नाही, तिला हे पाठवायचं आहे.

एलएमएमएस हे संगणकावर संगीत रचायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. टेम्पो ९० धरला, ढोलकासारखा एक आवाज लावला आणि आजीचं गाणं त्यावर ठेवलं. पहिलं कडवं बसलं. तिसऱ्या कडव्यापर्यंत ताल एका बांधावर आणि आजी दुसऱ्या. पियानोचे सूर टाकले तर सगळंच कडू लागलं. आजीला ऐकवलं, तिने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "पेटी कसाले रे भाऊ?"

वाद्य न शिकता हे होणारं काम आहे का? असेल तर कुठून धरू?

एरंडोलचा पोरगा

होतं भाऊ. मी गाण्याचं सगळं काम बँडलॅबवर करतो, ब्राउझरमध्येच चालतं, लॅपटॉपवर बोजा पडत नाही. फक्त नेट चांगलं पाहिजे.

बँडवाला, चाळीसगाव

भाऊ, मी बारा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवला. आता घरी ट्रॅक करतो आणि खरं सांगतो, निम्म्याहून जास्त काम माउसनेच होतं. पियानो रोलमध्ये, म्हणजे सुरांच्या चौकटीच्या पडद्यावर, एकेक सूर ठेवायचा, लांबी ओढायची, आवाज कमी-जास्त करायचा. वाजवायचंच असेल तर एलएमएमएसमध्ये लॅपटॉपची बटणंही वाजतात: झेडपासूनची खालची ओळ म्हणजे एक सप्तक, क्यूपासूनची वरची ओळ म्हणजे त्याच्या वरचं. पण बटण हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, आवाज तेवढाच येतो. आणि तीन-चार एकदम दाबली की साध्या लॅपटॉपवर एखादं दाबलंच जात नाही. चाल शोधायला ठीक.

तुमचा घोटाळा वेगळाच आहे. तुम्ही ताल आधी मांडला आणि आजीला त्यावर बसवायला गेलात. म्हातारी माणसं गाताना लय थोडी थोडी चढवतात, श्वास घ्यायला थांबतात, आवडती ओळ लांबवतात. ते तसंच राहू द्या. आवाज ताणून-दाबून रेघांवर आणायचा मोह होईल, आणू नका. त्या ओळी नंतर ऐकवत नाहीत.

त्यापेक्षा असं करा. आजीचं गाणं ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) उघडा. गाणं चालू करा आणि समेवर, म्हणजे जिथे तुमची मान आपोआप हलते तिथे, कंट्रोल धरून एम दाबत जा. प्रत्येक वेळी तिथे एक लेबल पडतं. पूर्ण गाणं असंच दाबत जा, पहिल्यांदा चुकेल, दुसऱ्यांदा बसेल. आता ताल कुठे पडायचा हे आजीने ठरवलं, टेम्पोच्या आकड्याने नाही. ठोके त्या खुणांवर आणून ठेवायचे. ३ मिनिटं ४० सेकंदांना दोन संध्याकाळी लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण यातच सगळं आहे.

आता ठोके कुठले? संगणकात तयार मिळणाऱ्या जनरल मिडीच्या यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यात आपल्याकडची म्हणावी तर सतार आणि शहनाई. तबला नाही, ढोलकी नाही, संबळ नाही, डफ नाही. म्हणून तुमचा ताल परका वाटला. घरात बघा ना: परात, सूप, तांब्या, उखळात पडणारं मुसळ, आजीच्या बांगड्या. फोन वीतभर अंतरावर ठेवून प्रत्येकाचे सात-आठ ठोके घ्या, सगळे वेगवेगळ्या जोराचे. एकच ठोका शंभरदा चिकटवला की कान लगेच ओळखतो. कापताना ठोक्याच्या आधीची शांतता पूर्ण काढा, नाहीतर प्रत्येक ठोका उशिरा पडेल आणि तुम्हाला वाटेल ताल चुकतोय.

आणि झोका! गाणं झोक्यावरचं आहे. दोराची करकर रेकॉर्ड करा. झोका जातो-येतो तीच तिची लय असेल.

स्वरसाधना (धुळे)

बँडवाले दादांनी तालाचं अगदी नेमकं सांगितलं. मी सुराचं बोलते, मी मुलांना गाणं शिकवते.

पियानोचे सूर कडू लागले कारण संगणकाने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात आणि सगळं ४४० हर्ट्झच्या एका सुरापासून मोजलेलं असतं. आजीने षड्ज लावताना असं काही विचारलेलं नाही. आधी तिचा सा शोधा. गाण्यात ती जिथे पुन्हा पुन्हा येऊन टेकते, तो लांब सूर निवडा, ऑडॅसिटीच्या अॅनालाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. सगळ्यात उंच शिखर बघू नका, डावीकडून पहिलं ठळक शिखर बघा. आकडा इथे लिहा.

आणखी एक, फोनवरून लॅपटॉपवर फाइल कशी आणलीत? व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवली असेल तर परत आणा, केबलने. किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

काट्यावरचा (धरणगाव)

ताई, पहिलं शिखर २१४ हर्ट्झवर आहे. फाइल केबलनेच आणली आहे. मागे पंख्याचा आवाज आहे थोडा.

दादा, लेबलं टाकली. सहा-सहा मात्रांच्या हिशेबाने मोजलं. सुरुवातीला दोन समांमध्ये ४ सेकंद आहेत, शेवटच्या कडव्यात साडेतीन.

स्वरसाधना (धुळे)

मग बघा, पेटीची काळी चार ही पट्टी म्हणजे २०७.६५ हर्ट्झ आणि तिच्या शेजारची पांढरी सहा म्हणजे २२०. आजी बरोबर दोघींच्या मध्ये बसली आहे! पेटीवर तो सूरच नाही. तुम्ही कुठलीही पट्टी दाबली असती तरी बेसूरच लागली असती. आजी पक्की सुरात आहे.

तुम्हाला पेटीची गरजही नाही. ऑडॅसिटीत जनरेट, मग टोन. तीन वेगळे ट्रॅक करा: १०७, २१४ आणि ३२१ हर्ट्झ. खर्ज, सा आणि पंचम. पंचम साच्या दीडपट असतो, हे काही यंत्राचं गणित नाही, तंबोऱ्याच्या तारेचंच आहे. साइनऐवजी सॉटूथ निवडा म्हणजे आवाजाला थोडी भरड येईल, मग लो-पास फिल्टरने टोचणारा भाग काढा. अॅम्प्लिट्यूड अगदी कमी, ०.०५ वगैरे. गाण्याच्या आधी दहा सेकंद तो सूर एकटा चालू द्या.

एलएमएमएसमधलं एखादं वाद्य वापरायचंच असेल तर ते काळी चारवर वाजवा आणि त्याच्या पिच बटणावर अधिक ५२ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले ५२) करा, आजीपाशी पोहोचेल. तरी गंधारावर सांभाळा. २१४ चा शुद्ध गंधार २६७.५ येतो, संगणक देतो २६९.६. ऐकताना दोन हर्ट्झ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सुरू असलेल्या साबरोबर तो बोचतो. आजीचा गंधार कोणता आहे तो मोजून बघा, माझ्या आकड्यावर जाऊ नका.

पावरीच्या जागी शहनाई लावू नका, ही कळकळीची विनंती. डांग-नंदुरबारकडे ती वाजवणारी माणसं आहेत, कधी गेलात तर रेकॉर्ड करून आणा.

बँडवाला, चाळीसगाव

पंख्याचं: आजी गात नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये त्याचा नमुना घ्या, मग पूर्ण गाण्यावर लावा. ६ डेसिबलच्या पुढे जाऊ नका, आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करा, आपल्याकडच्या लाइटीचं तुम्हाला माहीतच आहे.

काट्यावरचा (धरणगाव)

मंडळी, नऊ दिवस लागले.

मुसळ समेवर ठेवलं, सूप मधल्या मात्रांवर. बांगड्या फक्त धृपदाला. झोक्याची करकर घ्यायला पहाटे पाचला उठलो, दिवसा ट्रॅक्टर फार जातात. बांधावरचा तोच निंब, दोर मात्र नवा होता, करकरेना. शेवटी विहिरीवरचा जुना दोर आणून बांधला. गंधारही मोजला, २६६ च्या आसपास येतो, मग वाद्याचा विचारच सोडला. फक्त ताईंचे तीन सूर आहेत.

काल रात्री आजीला ऐकवलं. हेडफोन काढला नाही. अर्ध्यात तिचा पाय हलायला लागला, झोक्यावर हलतो तसा. संपल्यावर म्हणाली, चौथं कडवं मी त्या दिवशी चुकीचं म्हटलं, मोठ्या भावाचं नाव धाकट्याच्या आधी यायला पाहिजे. आणि लगेच म्हणून दाखवलं. माझा फोन आत चार्जिंगला होता.

आत्याकडे फाइल अजून पाठवली नाही. आजी म्हणते चुकलेलं गाणं लेकीला पाठवायचं नाही. रविवारी पुन्हा झोक्यावर बसवतोय तिला, पंखा बंद आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवून. ताई, त्या दिवशी तिचा सा २१४ वर आला नाही तर नवं कडवं जुन्यात जोडायचं, की पूर्ण गाणं नव्याने घ्यायचं?

स्वरसाधना (धुळे)

पूर्ण घ्या. आणि गाणं सुरू करायच्या आधी तिला सूर ऐकवू नका, जिथे लावेल तिथे लावू द्या. मग आम्हाला आकडा सांगा.